व्हर्सायचा तेरावा भाग आणि गोरेगावचा माणूस

वसईच्या भूमीने तीन मोठे तह पाहिले. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्या अंमलाखालचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला. हुमायून चाल करून येण्याची त्याला धास्ती होती. मुंबईची बेटंही त्याच कागदाने गेली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे किल्ला पडला आणि शरणागतीच्या अटी लिहिल्या गेल्या. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी, होळकरांकडून हडपसरला हरून पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह केला आणि पेशवाईच्या गळ्यात तैनाती फौज अडकवून घेतली.

तिन्ही वेळा सह्या करणारे सुलतान, सेनापती, पेशवे आणि कंपनीचे वकील होते. नंदाखाल, निर्मळ, आगाशीच्या वाड्यांत रहाटाने पाणी ओढणाऱ्याला, केळी आणि पानवेली राखणाऱ्याला कोणी काही विचारलं नाही. मालक बदलला की सारा वसूल करणारा बदलायचा, कधी देऊळ बदलायचं तर कधी देव. जगभरचे तह असेच होत आले आहेत. लढाई ज्यांच्या अंगावरून गेली ते कागदाच्या बाहेर राहिले.

ही रीत पहिल्यांदा ठळकपणे मोडली ती १९१९ मध्ये. ती मोडताना आपल्या कोकणातला एक माणूस तिथे हजर होता, हे आपल्याला फारसं ठाऊक नाही. नारायण मल्हार जोशी हे त्याचं नाव. विरारची लोकल पकडून लोअर परळला उतरणाऱ्यांना हे नाव रोज दिसतं, कारण जुन्या डिलाइल रोडला आता ना. म. जोशी मार्ग म्हणतात. त्या मार्गावरच्या बीडीडी चाळी सगळ्यांना माहीत आहेत. ज्याच्या नावाने तो मार्ग आहे, तो माणूस जगातल्या एका मोठ्या शांतता संस्थेच्या पहिल्या बैठकीत भारतातल्या कामगारांची जागा घेऊन बसला होता, हे मात्र पाटीवर मावलेलं नाही.

पहिलं महायुद्ध संपल्यावर २८ जून १९१९ रोजी व्हर्सायचा तह झाला. शाळेत आपण या तहातली दोन कलमं शिकतो. जर्मनीवर लादलेली नुकसानभरपाई हे एक आणि राष्ट्रसंघाची स्थापना हे दुसरं. नुकसानभरपाईने जर्मनीत सुडाची आग पेटती ठेवली आणि राष्ट्रसंघ दुसरं महायुद्ध थोपवू शकला नाही. पण त्या तहात तेरावा भाग म्हणून आणखी एक प्रकरण होतं. त्यातून आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, म्हणजे आयएलओ, उभी राहिली. माझ्या मते व्हर्सायच्या कागदातला टिकलेला आणि उपयोगी पडलेला भाग हाच.

शांततेच्या तहात कामगारांचं प्रकरण का आलं? युद्धात खंदकात मेले ते बहुतेक कामगार आणि शेतकरी होते, आणि तोफगोळे घडवणारेही कामगारच होते. युरोप-अमेरिकेतल्या त्यांच्या संघटनांनी युद्ध चालू असतानाच मागणी लावून धरली होती की शांततेच्या वाटाघाटीत आमचे प्रश्न हवेत. १९१७ मध्ये रशियात क्रांती झाली आणि राज्यकर्ते धास्तावले. दुसरं कारण व्यापाराचं होतं. एका देशाने कामाचे तास कमी केले आणि शेजाऱ्याने वाढवले, तर शेजाऱ्याचा माल स्वस्त होतो आणि चांगलं वागणारा देश बाजारात मार खातो. म्हणून नियम सगळ्यांनी मिळून करायला हवेत, असा हा विचार. पॅरिसला अमेरिकन कामगार नेते सॅम्युएल गॉम्पर्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिने लिहिलेल्या घटनेच्या उद्देशिकेचा आशय असा, की सामाजिक न्यायाचा पाया असेल तरच जगात कायमची शांतता नांदेल. कामाचे तास, मजुरी, आजारपण, बाळंतपण, मुलांची मजुरी हे विषय तेव्हापासून युद्ध आणि शांततेचे विषय ठरले.

या तहावर भारताच्या वतीनेही सह्या झाल्या. त्या केल्या ब्रिटिश भारतमंत्री एडविन मॉन्टेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी. एक साहेब आणि एक संस्थानिक. म्हणजे वसईच्या तहाचीच तऱ्हा. तरीही या सह्यांमुळे पारतंत्र्यातला भारत राष्ट्रसंघाचा आणि आयएलओचा संस्थापक सदस्य झाला, आणि तेराव्या भागातल्या एका कलमाने ब्रिटिश सरकारच्याही मनात नसलेलं दार उघडलं.

ते कलम प्रतिनिधींबद्दलचं होतं. प्रत्येक देशाने चार प्रतिनिधी पाठवायचे. दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. आणि प्रत्येकाने आपलं मत स्वतंत्रपणे द्यायचं. देशाचं एकच मत, ही राजनैतिक परिषदांची शेकडो वर्षांची रीत इथे बाजूला ठेवली. याचा अर्थ असा, की भारतातून गेलेला कामगार प्रतिनिधी भर सभागृहात भारत सरकारच्या विरोधात मत देऊ शकत होता. वर्ष होतं १९१९. त्याच वर्षी रौलट कायदा आला होता, त्याच वर्षी १३ एप्रिलला जालियनवाला बागेत गोळ्या चालल्या होत्या. देशात सभा भरवणं गुन्हा ठरत असताना देशाबाहेर एका भारतीयाला सरकारी प्रतिनिधीच्या बरोबरीचं मत मिळालं.

ते मत जोशींच्या हाती आलं.

त्यांचा जन्म ५ जून १८७९ चा, गोरेगावातला. पश्चिम रेल्वेवरच्या आपल्या लोकांना लगेच मुंबईतलं स्टेशन आठवेल, पण हे गोरेगाव रायगड जिल्ह्यातलं, तेव्हाच्या कुलाब्यातलं. पुण्यात शिक्षण झालं, डेक्कन कॉलेजातून पदवी घेतली, काही वर्षं मास्तरकी केली. १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. तिथल्या सभासदाने आयुष्य सार्वजनिक कामाला वाहायचं आणि समाज देईल त्या जेमतेम मानधनात संसार भागवायचा, असा दंडक होता. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने, सहकारी पतपेढ्या असं तिचं काम होतं. परळचं दामोदर नाट्यगृह, जिथे कामगार रंगभूमीच्या पिढ्या घडल्या, ते याच संस्थेचं.

म्हणजे हा माणूस शिकलेला मुत्सद्दी नव्हता. परराष्ट्र खात्याची परीक्षा, दरबारी पोशाख, मेजवान्यांचे रिवाज यांतलं काही त्याच्यापाशी नव्हतं. चाळीतल्या एका खोलीत किती माणसं झोपतात, गिरणीचा भोंगा किती वाजता होतो, सावकाराचं व्याज पगारातून कसं कापलं जातं, हे त्याला ठाऊक होतं. परिषदेला याच माहितीची गरज होती.

२९ ऑक्टोबर १९१९ रोजी वॉशिंग्टनमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली आणि नोव्हेंबरअखेरपर्यंत चालली. चाळीसच्या आसपास देश आले होते. यजमान अमेरिका स्वतःच सदस्य नव्हती, कारण तिच्या सिनेटने तह मंजूर केला नव्हता. परिषदेच्या कचेरीला बसायला जागा मिळवून दिली ती नौदल खात्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याने. त्याचं नाव फ्रँकलिन रूझवेल्ट. पुढे १९३४ मध्ये त्याच्याच अध्यक्षपदाच्या काळात अमेरिका संघटनेत आली. याच परिषदेने जर्मनी आणि ऑस्ट्रिया या हरलेल्या देशांना सदस्य करून घेतलं. राष्ट्रसंघात जर्मनीला १९२६ पर्यंत ताटकळत ठेवलं गेलं. कामगारांच्या संघटनेने मात्र युद्धाच्या जखमा ओल्या असतानाच शत्रूला शेजारी बसवलं. तिला शांतता संस्था म्हणायला मला एवढा एक पुरावाही पुरेसा वाटतो.

भारताकडून सरकारचे प्रतिनिधी म्हणून लुई कर्शॉ आणि अतुलचंद्र चटर्जी होते, मालकांचे अलेक्झांडर मरे, कामगारांचे जोशी. मद्रासच्या कामगार संघटनेचे बी. पी. वाडिया जोशींचे सल्लागार म्हणून गेले होते. परिषदेपुढचा मुख्य विषय होता दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास काम. भारतात तेव्हा १९११ चा कारखाना कायदा चालू होता. त्यानुसार कापडगिरणीतल्या पुरुषाकडून दिवसाला १२ तास काम घेता येत असे, आणि नऊ वर्षांचं पोर कारखान्यात कामाला लावता येत असे. उष्ण हवा, कामगाराची सावकाश काम करण्याची सवय, खेड्याकडे पळणारा त्याचा जीव, अशी कारणं सांगून भारताला या नियमांतून वगळा म्हणणारे पुष्कळ होते.

भारताला वगळलं गेलं नाही. ४८ तासांचा नियमही लागू झाला नाही. पहिल्या कराराच्या दहाव्या कलमात ब्रिटिश भारतासाठी आठवड्याला ६० तासांची वेगळी मर्यादा लिहिली गेली. मुलांच्या किमान वयाच्या करारात इतरांना १४ वर्षांची अट होती, भारताला १२ ची. ही १२ ची अटसुद्धा ब्रिटनच्या कामगार नेत्या मार्गारेट बॉन्डफिल्ड यांच्या दुरुस्तीमुळे आली.

हे पदरात थोडंच पडलं, असं आज कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. १२ तासांच्या पाळीने सहा दिवस भरले की आठवड्याचे ७२ होत. ६० म्हणजे १२ तासांची सुटका. दुसरी गोष्ट जास्त मोलाची. भारतातल्या मजुराचे कामाचे तास हा आता दिल्ली आणि लंडनचा घरगुती मामला उरला नाही. त्याची आंतरराष्ट्रीय करारात नोंद झाली आणि सरकारला दरवर्षी त्याचा जाब देणं भाग पडलं. भारताने १४ जुलै १९२१ रोजी हा करार मान्य केला. १९२२ च्या कायद्याने दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तासांची हद्द आली, मुलांचं किमान वय १२ झालं. त्याच पहिल्या कराराला ब्रिटनने स्वतः कधीच मान्यता दिली नाही.

कायदा काही परिषदेतल्या मतांनीच झाला नाही, हेही सांगायला हवं. वॉशिंग्टनची परिषद संपली आणि लगेच जानेवारी १९२० मध्ये मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला आणि दहा तासांचा दिवस मालकांना कबूल करावा लागला. रस्त्यावरचं बळ आणि सभागृहातला कागद एकाच वेळी पुढे सरकत होते. जोशी हे दुसऱ्या बाजूचे, कागदाचे माणूस. त्यांना मवाळ म्हणून हिणवणारे तेव्हाही होते. पण संपात मिळवलेली गोष्ट पुढच्या मंदीत मालक काढून घेतो, कायद्यात लिहिलेली सहज काढता येत नाही. जोशींचं सगळं आयुष्य या एका जाणिवेवर उभं होतं.

वॉशिंग्टनहून आणखी एक बीज आलं. कामगार प्रतिनिधी त्या देशातल्या प्रमुख कामगार संघटनेच्या संमतीने निवडावा, असं घटनेत होतं. भारतात तशी देशव्यापी संघटनाच नव्हती. म्हणून १९१९ मध्ये सरकारनेच जोशींचं नाव ठरवलं आणि त्यावर टीका झाली. ही अडचण दूर करायला ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आयटक, स्थापन झाली. अध्यक्ष लाला लजपतराय. देशातल्या पहिल्या मध्यवर्ती कामगार संघटनेच्या जन्माला आयएलओच्या जिनिव्हातल्या परिषदेची एक खुर्ची निमित्त झाली.

त्या खुर्चीवर नंतर जे बसले त्यांत आपल्या भागाचं एक नाव आहे. काका जोसेफ बॅप्टिस्टा, लोकमान्यांचे सहकारी, आयटकच्या झरिया अधिवेशनाचे अध्यक्ष. त्यांचे वडील वसई खाडीपलीकडच्या उत्तनचे. १९२४ मध्ये भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून काका जिनिव्हाला गेले. वसईच्या ख्रिस्ती घरांत तेराव्या लिओ या पोपचं १८९१ चं श्रमिकांविषयीचं परिपत्रक माहीत असतं. कामगाराला संघटना करण्याचा हक्क आहे, असं त्यात ठामपणे मांडलं होतं. १९२६ पासून तर आयएलओच्या कार्यालयात एक जेझुइट धर्मगुरू सल्लागार म्हणून नेमला जाऊ लागला.

जोशी स्वतः वॉशिंग्टननंतर पुन्हापुन्हा जिनिव्हाला गेले. पण त्यांची खरी चिकाटी दिसते ती घरी परतल्यावर. मध्यवर्ती कायदेमंडळात सरकारने त्यांना कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नेमलं होतं आणि ती जागा त्यांनी पंचवीसेक वर्षं राखली. मद्रासला वाडियांच्या संघटनेवर एका गिरणी कंपनीने कोर्टाचा मनाई हुकूम आणला, तेव्हा कामगार संघटनेला कायद्याने संरक्षण नाही हे उघड झालं. १९२१ मध्ये जोशींनी कायदेमंडळात संघटनांच्या नोंदणीचा आणि संरक्षणाचा ठराव मांडला. पाच वर्षांनी, १९२६ मध्ये, ट्रेड युनियन कायदा आला. आजही कोणतीही युनियन याच परंपरेने नोंदवली जाते.

बाळंतपणाची गोष्ट अशीच. वॉशिंग्टनच्या करारात बाळंतिणीला रजा आणि भत्ता होता. भारत सरकारला फक्त या विषयाचा अभ्यास करून कळवा, एवढंच सांगितलं गेलं. जोशींनी १९२४ मध्ये त्यावर स्वतःचं विधेयक आणलं. ते नामंजूर झालं. पण विषय मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात गेला, तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली, आणि १९२९ मध्ये मुंबईचा प्रसूती लाभ कायदा झाला. तो देशातला पहिला.

बाबासाहेबांनी पुढे व्हॉइसरॉयच्या मंडळात कामगार खातं सांभाळलं. सरकार, मालक आणि कामगार यांनी एका टेबलाशी बसण्याची जिनिव्हाची पद्धत १९४२ मध्ये त्यांच्याच काळात दिल्लीत रुजली. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतले तास आठवड्याला ४८ झाले. वॉशिंग्टनमध्ये भारताला नाकारलेला आकडा गाठायला सत्तावीस वर्षं लागली.

पालघर जिल्ह्यातल्या वाचकाने इथे जरा थांबावं. १९३८ मध्ये जिनिव्हाला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते शामराव परुळेकर. तेही जोशींसारखेच भारत सेवक समाजातून आलेले. त्यांच्या पत्नी गोदावरी परुळेकर या त्याच समाजाच्या पहिल्या स्त्री सभासद. पुढे दोघांनी समाज सोडला, कम्युनिस्ट पक्षात गेले आणि १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरीपासून वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा केला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघं जमीनदाराचे गडी होत, त्या लग्नगड्याच्या चालीला या लढ्याने मूठमाती दिली. सक्तीच्या मजुरीविरुद्धचा आयएलओचा करार १९३० चा आहे, भारताने तो १९५४ मध्ये मान्य केला. झरीच्या वारल्यांनी तो आधीच अमलात आणला होता.

जोशींचा मार्ग परुळेकरांचा नव्हता. १९२९ मध्ये नागपूरला आयटकमध्ये फूट पडली ती नेमस्त आणि डावे यांच्या भांडणातून, आणि जोशी, व्ही. व्ही. गिरी वगैरे मंडळी बाहेर पडली. पण १९४० मध्ये दोन्ही बाजू पुन्हा एक झाल्या तेव्हा सरचिटणीसपद जोशींकडेच आलं. भांडलेल्या माणसांनाही ज्याच्याकडे दप्तर सोपवावंसं वाटतं, अशी ती प्रतिष्ठा होती.

३० मे १९५५ रोजी ते गेले. राष्ट्रसंघ त्याआधीच मोडला होता. आयएलओ मात्र दुसऱ्या महायुद्धात मॉन्ट्रियलला हलून तगली आणि १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांची पहिली विशेष संस्था झाली. १९६९ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, तिला शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी गिरी भारताचे राष्ट्रपती झाले. १९२७ मध्ये तेही जिनिव्हाच्या त्या खुर्चीवर बसले होते.

हा विषय जुना झालेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर नेण्याला मान्यता दिली. गिरण्या बंद पडल्यावर गिरणगावातली कितीतरी कुटुंबं विरार-नालासोपाऱ्यात येऊन राहिली. त्यांची नातवंडं आज वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांत कामाला जातात. कामगार कमी म्हणून यांतल्या अनेक गाळ्यांना कारखान्यांचे नियम लागूच होत नाहीत. बारा तासांची पाळी आणि वर जाण्यायेण्याचा वेळ धरला, तर घरासाठी काय उरतं याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. १२ तासांचा दिवस मोडण्यासाठी वॉशिंग्टनला आणि गिरणगावात काय करावं लागलं, हे ठाऊक असल्याशिवाय या बदलावर नीट बोलता येणार नाही.

म्हणून वसई-विरारच्या इतिहासाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. किल्ल्यात सहल नेता तेव्हा १५३४, १७३९ आणि १८०२ या सनांबरोबर १९१९ ही सांगा. व्हर्सायचा तह शिकवताना नुकसानभरपाईपाशी थांबू नका, तेरावा भाग उघडा आणि त्यासोबत ना. म. जोशी हे नाव मुलांना लिहून घ्यायला लावा.